कलकत्त्याच्या वकिलाने फुकट दिलेला घोडा आज हार्बर लोकलमध्येही पटावर पडतोय

सकाळची पनवेल-सीएसएमटी लोकल. वाशी सुटलं की गाडी खाडीपुलावर येते आणि मानखुर्द येईपर्यंत काही मिनिटं डब्यात चढ-उतार नसते. तीन मिनिटांचा एक ऑनलाइन बुद्धिबळाचा डाव खेळायला एवढा वेळ पुरतो. बसायला जागा मिळाली असो वा नसो, एका हाताने वरचा दांडा धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने प्यादी सरकवणारे भिडू या लाईनवर रोज दिसतात.

आता असाच एक डाव बघा. पांढऱ्याने राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं, काळ्यानेही तेच केलं. पांढऱ्याने घोडा काढून त्या प्याद्यावर हल्ला केला. काळ्याने प्यादं वाचवण्याऐवजी आपलाही घोडा काढला आणि समोरच्या प्याद्यावर नेम धरला. पांढऱ्याच्या घोड्याने प्यादं मारलं. काळ्याने वजिरासमोरचं प्यादं एक घर पुढे करून त्या घोड्याला हाकललं.

इथे शहाण्या माणसाने घोडा मागे घ्यायचा असतो. पण पांढरा घोडा मागे जातच नाही. तो थेट एफ७ घरावर उडी मारतो, राजाच्या शेजारचं प्यादं खातो आणि तिथेच बसतो. काळा राजा त्याला मारणार हे उघड आहे. म्हणजे चौथ्याच चालीला एक अख्खा घोडा देऊन बदल्यात मिळाली फक्त दोन प्यादी.

हिशेब केला तर घोड्याची किंमत तीन प्याद्यांएवढी धरतात. मिळाली दोन. सौदा तोट्याचा आहे. कंप्युटरला विचारलं तर तोही सांगतो की काळ्याने नीट खेळलं तर पांढऱ्याची बाजू कमकुवत आहे. तरीही ही चाल रोज खेळली जाते, आणि ती खेळणारे बऱ्याचदा जिंकतातही.

या चालीचं नाव आहे कॉक्रेन गॅम्बिट. गॅम्बिट म्हणजे सुरुवातीलाच काहीतरी देऊन हल्ल्याची संधी विकत घेणं. आणि ही चाल ज्याच्या नावावर आहे त्या जॉन कॉक्रेनने आयुष्यातली चार दशकं भारतात काढली. त्याचा घोडा पहिल्यांदा गाजला तो लंडन-पॅरिसमध्ये नाही, कलकत्त्यात. आणि समोर बसला होता बंगालच्या एका खेड्यातून आलेला ब्राह्मण.

विषय तिथून सुरू होतो.

जॉन कॉक्रेनचा जन्म अठराव्या शतकाच्या अखेरचा. घराणं स्कॉटिश. शिक्षण वकिलीचं, पण नाव झालं ते बुद्धिबळाने. १८२१ मध्ये तो पॅरिसला गेला. त्या काळी बुद्धिबळाची राजधानी पॅरिस होती आणि तिथे देशापेल आणि ला बुर्दोने ही दोन नावं चालत होती. या दोघांशी कॉक्रेन भिडला. यश काही आलं नाही, पण युरोपातल्या सगळ्यात बलाढ्य लोकांसमोर बसायची भीती मात्र गेली. पुढच्याच वर्षी, १८२२ मध्ये, त्याने बुद्धिबळावर एक जाडजूड पुस्तक लंडनमध्ये छापलं.

१८२४ मध्ये लंडन आणि एडिंबरा या दोन शहरांच्या क्लबांमध्ये पत्राने सामना सुरू झाला. एक चाल लिहायची, टपालात टाकायची, उत्तराची वाट बघायची. हा सामना चार वर्षं चालला आणि त्यातूनच स्कॉच नावाच्या ओपनिंगला तिचं नाव मिळालं. लंडनच्या बाजूने डोकं चालवणाऱ्यांत कॉक्रेन होता. पण सामना अर्धवट असतानाच त्याने सामान बांधलं. त्याला भारतात वकिली करायची होती. कॉक्रेन जहाजात बसला आणि इकडे शेवटी सामना एडिंबराने मारला.

कलकत्ता तेव्हा कंपनी सरकारची राजधानी होती. कोर्ट मोठं, खटले मोठे, त्यामुळे इंग्रज वकिलांना पैसाही मोठा. कॉक्रेनचा जम बसला. कोर्टाचं काम संपलं की त्याचा मुक्काम कलकत्ता चेस क्लबमध्ये असायचा आणि हळूहळू तो या क्लबचा मुख्य आधारच झाला.

१८४१ मध्ये तो मोठ्या रजेवर लंडनला गेला. तिथे हॉवर्ड स्टाँटन नावाचा खेळाडू वर येत होता. आज स्पर्धांमध्ये ज्या घडणीच्या सोंगट्या वापरतात त्यांना स्टाँटन सोंगट्या म्हणतात, तोच हा. पुढची दोन वर्षं हे दोघं शेकडो डाव खेळले. बहुतेक स्टाँटनने जिंकले. पण कॉक्रेनच्या बिनधास्त हल्ल्यांना रोज तोंड देऊन स्टाँटन तयार झाला आणि १८४३ च्या अखेरीस त्याने पॅरिसला जाऊन फ्रान्सच्या सेंट-अमांला हरवलं. बुद्धिबळाची राजधानी पॅरिसहून लंडनला आली. कॉक्रेन तोवर पुन्हा कलकत्त्याच्या वाटेला लागला होता.

कॉक्रेनची अडचण आता वेगळीच होती. लंडनमध्ये दोन वर्षं तगडा प्रतिस्पर्धी मिळाल्यावर कलकत्त्यात त्याच्या तोडीचं कोणी उरलं नव्हतं. अशात क्लबमध्ये बातमी आली की शहराबाहेर एका गावात एक ब्राह्मण आहे आणि तो आजवर कोणाशीच हरलेला नाही. कॉक्रेन त्याला भेटला, डाव मांडले आणि जिंकलाही. पण समोरच्या माणसाची ताकद त्याने ओळखली. हा माणूस म्हणजे महेशचंद्र बॅनर्जी. क्लबने त्यांना पगार देऊन कलकत्त्यात ठेवून घेतलं. काम एकच, बुद्धिबळ खेळणं.

आता इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. महेशचंद्र जे बुद्धिबळ खेळत मोठे झाले होते ते साहेबाचं बुद्धिबळ नव्हतं.

पट तोच, चौसष्ट घरांचा. पण देशी नियमात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जायचं. दोन घरांची उडी नाही. किल्लेकोट नाही. त्याऐवजी राजाला शह बसायच्या आधी आयुष्यात एकदा घोड्यासारखी उडी मारायची मुभा असायची. प्यादं शेवटच्या घरात पोहोचलं की सरसकट वजीर व्हायचा नाही, ज्या पट्टीत पोहोचलं तिथला मूळ मोहरा व्हायचा. प्रांताप्रांतात थोडाफार फरक होता, पण ढाचा हाच.

महाराष्ट्रातल्या जुन्या घरांतही वाड्याच्या ओसरीवर याच नियमांनी पट मांडला जायचा. आणि देशी खेळाडूंना युरोपीय नियम अगदीच परके होते असंही नाही. १८१४ मध्ये, म्हणजे कॉक्रेन भारतात यायच्या दहा वर्षं आधी, मुंबईत एक पुस्तक छापलं गेलं होतं. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांनी बुद्धिबळातल्या कूट स्थिती मूळ संस्कृतातून इंग्रजीत आणल्या होत्या आणि त्या युरोपीय नियमांना जुळवूनही घेतल्या होत्या. थोडक्यात, पटावरची अक्कल जहाजातून आली नव्हती, ती इथे होतीच.

तर प्यादं एकेक घर सरकत असेल तर खेळ सावकाश होतो. पटाच्या मधोमध पहिल्याच चालीला राडा होत नाही. खेळाडू आधी घर बांधतो, उंटाला कोपऱ्यातल्या लांब तिरक्या रेषेवर बसवतो, समोरच्याला मध्ये प्यादी आणू देतो आणि मग बाजूने सुरुंग लावतो. महेशचंद्रांनी साहेबाचे नियम शिकून घेतले, पण सवय जुनीच ठेवली. काळ्याकडून खेळताना ते घोडा काढत, राजाच्या बाजूचं जी-पट्टीतलं प्यादं एक घर सरकवत आणि मागे उंट बसवत. लंडनच्या लोकांना हे विचित्र वाटलं. समोरच्याला मधली जागा फुकट द्यायची, हे कुठलं बुद्धिबळ?

साहेबाची सवय नेमकी उलटी होती. तो काळ बलिदानाचा होता. मोहरा द्यायचा, राजाला उघड्यावर आणायचा, मात करायची. समोरच्याने दिलेलं बलिदान नाकारणं भित्रेपणाचं लक्षण मानलं जायचं. कॉक्रेन या शाळेतला पक्का विद्यार्थी.

१८४८ मध्ये कलकत्त्यात कॉक्रेनने महेशचंद्रांविरुद्ध तो घोडा एफ७ वर टाकला. महेशचंद्रांनी ज्या पद्धतीने सुरुवात केली होती तिला आज पेट्रॉफ बचाव म्हणतात, रशियाच्या अलेक्झांडर पेट्रोवच्या नावावरून. त्यावरचा मोठा अभ्यास छापून येऊन तेव्हा जेमतेम सहा वर्षं झाली होती. म्हणजे विषय ताजा होता आणि कॉक्रेनने त्यावर थेट बॉम्ब टाकला.

हे बलिदान चुकीचं असूनही चालतं कसं, याचं कारण साधं आहे. काळ्या राजाने घोडा मारला की तो मागच्या रांगेतून बाहेर येतो आणि त्याचा किल्लेकोट कायमचा जातो. पांढऱ्याकडे मधोमध प्याद्यांची फळी उभी राहते. पांढऱ्याचे उंट, वजीर, हत्ती बाहेर यायला मोकळे असतात आणि प्रत्येक चालीला शहाची भीती असते. मोहऱ्यांचा हिशेब काळ्याच्या बाजूने आहे, पण झोप काळ्याची उडते. त्याने दहा-पंधरा चाली बरोबर काढल्या तर घोडा हजम होतो. एक चुकली तर डाव संपतो. पांढऱ्याने मात्र एखादी चाल ढिली खेळली तरी त्याचं फारसं बिघडत नाही.

ही विषमता पैशांच्या भाषेत अशी सांगता येईल. कर्ज पांढऱ्याने काढलंय आणि हप्त्याची चिंता काळ्याला आहे.

त्यात पेट्रॉफ निवडणारा माणूस स्वभावाने शांतताप्रिय असतो. या बचावाची ख्यातीच मुळी बरोबरीचा, सुरक्षित डाव अशी आहे. त्याला नीट, सरळ, कमी धोक्याचं बुद्धिबळ हवं असतं. चौथ्या चालीला त्याच्या राजाला बाहेर ओढणं म्हणजे दुपारी झोपलेल्या माणसाच्या कानाशी ताशा वाजवण्यासारखं आहे.

पण कॉक्रेन आणि महेशचंद्र यांची गोष्ट एका घोड्यावर संपत नाही. दोघं वर्षानुवर्षं खेळत राहिले. घड्याळ नव्हतं, रेटिंग नव्हतं, प्रेक्षकही फारसे नसायचे. एकीकडे कोर्टात वजन असलेला गोरा वकील, दुसरीकडे क्लबच्या पगारावर असलेला देशी माणूस. पटाच्या बाहेर दोघांत जेवढं अंतर होतं तेवढं पटावर नव्हतं. नोंद असलेल्या डावांत कॉक्रेनच जास्त जिंकला, पण त्याला रोज खेळायला हाच माणूस लागायचा.

या दोघांचे डाव लिहून ठेवले गेले आणि त्यातले काही लंडनच्या बुद्धिबळाच्या मासिकांत छापून आले. ही साधी गोष्ट नाही. त्या काळात या देशात किती बलाढ्य खेळाडू होऊन गेले असतील त्यांचा एकही डाव आज हातात नाही, कारण कोणी लिहिलाच नाही. महेशचंद्र उरले ते कागदामुळे.

यातला १८५५ चा एक डाव तर आज इतिहासात आहे. काळ्याकडून महेशचंद्रांनी घोडा काढला, जी-प्यादं सरकवलं, आणि तिसऱ्या चालीला वजिरासमोरचं प्यादं पुढे टाकून कॉक्रेनच्या मधल्या प्याद्यांना आव्हान दिलं. मग उंट कोपऱ्यात बसवला, मध्ये मारामारी होऊ दिली आणि बाजूने दबाव आणला. आजचा कोणीही क्लब खेळाडू हे बघून लगेच सांगेल की हा ग्रुनफेल्ड बचाव आहे. फक्त ऑस्ट्रियाचा अर्न्स्ट ग्रुनफेल्ड हा बचाव खेळून प्रसिद्ध झाला १९२२ मध्ये. म्हणजे तब्बल ६७ वर्षांनी.

आणि त्या डावाचा शेवट काय झाला? अठराव्या चालीला कॉक्रेनचा घोडा पुन्हा त्याच एफ७ घरात घुसला. या वेळी मात्र बलिदानात काहीच कच्चं नव्हतं. मागे लांब तिरक्या रेषेवर वजीर दबा धरून बसला होता, घोडा हलला की दुहेरी शह. तिथून काळ्याची मात टळत नव्हती. महेशचंद्र हरले. पण त्यांनी मांडलेली सुरुवात जिंकली. आज जगज्जेतेपदाच्या सामन्यांतही तो बचाव खेळला जातो.

कॉक्रेनचं बुद्धिबळावरचं प्रेम नुसतं पटापुरतं नव्हतं. १८५१ मध्ये लंडनला जगातली पहिली मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली. ती भरवण्यासाठी वर्गणी गोळा होत होती. कलकत्ता चेस क्लबने १०० पौंड पाठवले आणि कॉक्रेनने स्वतःच्या खिशातूनही मोठी रक्कम दिली. स्पर्धा जर्मनीच्या अडॉल्फ अँडरसनने जिंकली, पण तिच्या खर्चातला मोठा वाटा कलकत्त्याहून गेला होता.

१८६९ च्या सुमारास कॉक्रेनने वकिली थांबवली आणि तो कायमचा इंग्लंडला परतला. केस पांढरे झाले होते, पण पट सुटला नव्हता. लंडनच्या क्लबांत तो खेळत राहिला. २ मार्च १८७८ रोजी तिथेच त्याचं निधन झालं. महेशचंद्रांचं मात्र पुढे काय झालं, शेवटची वर्षं कशी गेली, याबद्दल कागद गप्प आहेत. साहेब गेला आणि डाव लिहिणारा हातही गेला.

कॉक्रेन गेल्यावर त्याच्या घोड्याची गंमत म्हणून चर्चा व्हायची. विसाव्या शतकात बचावाचं तंत्र सुधारलं, खेळाडू फुकटचं बलिदान खाऊन शांतपणे जिंकायला शिकले. चौथ्या चालीला घोडा देणं म्हणजे पोरखेळ, असं ठरलं. आणि मग १९९९ मध्ये स्पेनमधल्या लिनारेस इथल्या स्पर्धेत बल्गेरियाच्या वेसेलिन टोपालोवने व्लादिमिर क्रॅमनिकविरुद्ध तोच घोडा एफ७ वर टाकला. क्रॅमनिक म्हणजे पेट्रॉफचा उस्ताद, पुढच्याच वर्षी तो कास्पारोवला हरवून जगज्जेता झाला. तो डाव बरोबरीत सुटला. दीडशे वर्षांपूर्वी कलकत्त्यात दिलेला घोडा जगातल्या सगळ्यात भक्कम बचाव करणाऱ्या माणसालाही सरळ पचला नाही.

लिनारेसमध्ये क्रॅमनिककडे विचार करायला तास होते. फोनवर तीन मिनिटांचा डाव खेळणाऱ्या माणसाकडे तेवढी सोय नाही. म्हणूनच कॉक्रेनची चाल हौशी खेळाडूंच्या ऑनलाइन डावांत तगून आहे. इंजिनला घोड्याची भीती वाटत नाही, त्याच्या हाताला घाम येत नाही. माणसाला येतो. कच्चं बलिदान पटाशी खेळत नाही, ते समोरच्या माणसाच्या मनाशी खेळतं.

अर्थात त्याची एक किंमत आहे आणि हौशी खेळाडूंना ती उशिरा कळते. सतत असे सापळे लावून जिंकणाऱ्याचं रेटिंग एका पातळीपर्यंत वाढतं. मग एक दिवस समोर असा कोणी येतो ज्याला उत्तर पाठ असतं. तो शांतपणे घोडा घेतो, राजाला आडोशाला नेतो, मोहरे अदलाबदल करतो आणि शेवटी तो एक जास्तीचा मोहरा हातात ठेवून जिंकतो. सापळा फसला की पुढचं बुद्धिबळ खेळता यायला लागतं. कॉक्रेनला ते येत होतं. त्याच्याकडे घोडा देण्याची हौस होती आणि घोडा गेल्यावर लढण्याची ताकदही होती.

आता शेवटचा हिशेब नावाचा.

कॉक्रेनने खेळलेली चाल चुकीची ठरली, तरी तिला त्याचं नाव आहे. महेशचंद्रांनी मांडलेली सुरुवात काळाच्या कसोटीवर खरी उतरली, पण ती ओळखली जाते ग्रुनफेल्डच्या नावाने. त्यांच्याच पद्धतीतून आलेल्या बाकीच्या बचावांना किंग्ज इंडियनसारखी नावं पडली. त्यात देश आहे, माणूस नाही. साधं नावही धड लिहिलं गेलं नाही. इंग्रजांनी ते ऐकलं तसं लिहिलं, त्यामुळे जुन्या कागदांत ते मोहेशचंदर, मोहिशंदर अशा अनेक रूपांत सापडतं आणि काही ठिकाणी तर नुसतंच द ब्राह्मिन.

साहेबाचे नियम देशभर रुळायला पुढे बराच काळ लागला. १९५५ मध्ये एलुरूला पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे हे डी. वेंकय्यांबरोबर संयुक्त विजेते ठरले. तेव्हा महेशचंद्रांच्या डावांना शंभर वर्षं होऊन गेली होती.

आज वाशी ते मानखुर्दच्या मध्ये कोणी एफ७ वर घोडा टाकतो तेव्हा कॉक्रेन आठवायचं कारण नसतं, तो चालीच्या नावातच आहे. पण समोरचा जर जी-प्यादं एक घर सरकवून मागे उंट बसवत असेल, तर तो खेळतोय महेशचंद्र बॅनर्जींचा वारसा. दोघांचा कलकत्त्यातला सामना अजून संपलेला नाही.